चाळीस पावलं

मामांच्या दारापासून शवविच्छेदनाच्या हॉलच्या दारापर्यंत बरोबर चाळीस पावलं होती. मोजली होती मामींनी. मामांना असल्या उद्योगांना वेळ नव्हता. लग्न होऊन त्या कॉलेजच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आल्या, त्याच आठवड्यात त्यांनी पावलं मोजली आणि थोरल्या बहिणीला पत्र लिहिलं, की नवऱ्याची नोकरी अंगणातच आहे, दुपारी जेवायला घरी येतात, आणि काम काय करतात ते मात्र विचारू नकोस. बहिणीने अर्थातच उलट टपाली तेच विचारलं.

मामा वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात परिचर होते. देहदानात आलेली माणसं उतरवून घ्यायची, त्यांना औषध भरायचं, टाकीत ठेवायचं, वर्ष सुरू झालं की पोरांसाठी टेबलांवर मांडायचं आणि वर्ष संपलं की नीट गुंडाळून निरोप द्यायचा, हे त्यांचं काम. बत्तीस वर्षं त्यांनी ते केलं आणि एकदाही 'बॉडी' हा शब्द तोंडातून काढला नाही. ते 'माणूस' म्हणत. "तिसऱ्या टेबलावरच्या माणसाचा हात जरा सांभाळून," असं ते नव्या मास्तरांनाही बजावत. नवीन माणूस टेबलावर घेतला की त्याच्या डोक्याखाली चौघडी केलेलं फडकं ठेवत, आणि संध्याकाळी हॉलला कुलूप लावताना आत तोंड करून "येतो" म्हणत. पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून त्यांची बायको मामी. दोघांची खरी नावं कॉलेजच्या कुठल्याशा फायलीत होती आणि तिथेच सुखाने राहत होती.

मामींची बहीण, म्हणजे ताई, वर्षातून एकदा यायच्या, दोन दिवस राहायच्या आणि दोन्ही दिवस नाकाला रुमाल लावून बसायच्या. त्यांचं स्वतःचं घर गावाबाहेर, ऐसपैस, चारी बाजूंनी वारा. "मढ्यांच्या शेजारी संसार मांडलाय माझ्या बहिणीनं," असं त्या मामांच्या समोरच म्हणायच्या. मामा मान खाली घालून जेवत राहायचे. उत्तर द्यायला मामी खंबीर होत्या.

"तुझ्याकडे नळाला पाणी दिवसाआड," मामी म्हणायच्या. "आमची लाइन हॉस्पिटलची. आमचं पाणी गेलं तर कुणाचं तरी ऑपरेशन अडेल, म्हणून जातच नाही. वीज तशीच. वाचनालयातला पेपर दुपारी आमच्याकडे येतो, जरा शिळा होऊन, पण येतो. सुट्टी लागली की एवढी मोठी बाग माझ्या एकटीची. आणि डॉक्टर? तुला डॉक्टर आणायचा तर माणूस पाठवावा लागतो. इथे दगड भिरकावला तर डॉक्टरला लागतो."

"आणि वास?" ताई विचारायच्या.

"कसला वास? मला नाही बाई येत."

हे खोटं होतं. मामांच्या अंगाला, केसांना, अगदी घामालाही औषधाचा वास होता आणि तो मामींना शेवटपर्यंत येत होता. झोपेत त्या कूस बदलून भिंतीकडे तोंड करायच्या ते मामांना माहीत होतं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामींनी एकदा सांगून टाकलं, की मला आता काही वास येत नाही, आणि मग तीस वर्षं त्यांनी ते खोटं इमानेइतबारे सांभाळलं. मामी खोटं बोलायच्या ते असं. समोरच्याची सोय बघून.

मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं दुःख करून झालं होतं. दिवस मोठा होता, म्हणून मामी खिडकीशी शिवण घेऊन बसत. खिडकी हॉलच्या वाटेवर. पहिल्या वर्षाच्या पोरांचे पांढरे कोट त्या वाटेने जायचे, आणि त्या कोटांचे खिसे हमखास फाटलेले असायचे, कारण पोरं त्यांत कात्र्यांची पेटी, पुस्तक, डबा, सगळंच कोंबायची. एकदा एका पोरीचा लोंबता खिसा बघून मामींना राहवलं नाही. "इकडे ये गं," म्हणाल्या, "शोभतं का हे डॉक्टरीणबाईंना?" तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. बटणं, खिसे, उसवलेल्या बाह्या. पोरं खिडकीत कोट टाकून हॉलमध्ये जायची, येताना घेऊन जायची. मामी प्रत्येक कोटाच्या आतल्या पट्टीला एक जादा बटण टाचून ठेवायच्या. "परगावी गेल्यावर तुटलं तर तिथे कुठे मामी आहे?" असं म्हणायच्या.

चार वर्षांपूर्वी कॉलेजचे जुने ग्रंथपाल वारले आणि त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे देह विभागाकडे आला. मामांनी उतरवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी परत गाडीत चढवला. नियमच होता तसा. ज्याला पोरं तोंडओळखीने ओळखतात, तो माणूस त्यांच्या टेबलावर घ्यायचा नाही. त्याला सहा तासांवरच्या दुसऱ्या कॉलेजात पाठवायचं आणि तिकडचा तसाच कुणी असेल तर इकडे आणायचा. मामांनी जेवताना हे मामींना सांगितलं. "मोठ्या माणसांना मेल्यावरही प्रवास चुकत नाही," असंही वर म्हणाले. मामींनी त्यांना भात वाढला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मामींनी देहदानाचा फॉर्म मागितला.

आता हा फॉर्म मामांना पाठ होता. त्यावर सह्या करायला येणाऱ्या नातेवाइकांना ते खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "वाचा. मोठ्यानं वाचा. एकेक ओळ. घाई नाही आपल्याला." एका मुलाने बापाच्या फॉर्मवर न वाचता सही केली होती आणि पुढे महिनाभर तो फाटकाशी येऊन रडत होता, तेव्हापासूनची ही शिस्त. मोठमोठ्या वकिलांनाही मामांनी शाळेतल्या पोरांसारखं वाचायला लावलं होतं. आणि त्या दुपारी मामींनी शिवणाच्या फळीवर फॉर्म पसरला, पेन पुढे केलं आणि साक्षीदाराच्या जागी बोट ठेवलं, तेव्हा मामांनी कागद उचलून डोळ्यांसमोर धरला मात्र.

"काय वाचताय?" मामी म्हणाल्या. "पाठ आहे तुम्हाला. जेवण निवतंय."

"नक्की ना गं?"

"चाळीस पावलं तर आहेत. गाडीसुद्धा लागायची नाही. आयुष्यभर इथलं पाणी प्यायलं, इथल्या डॉक्टरांना फुकट नाडी दाखवली. काहीतरी द्यायला नको?"

मामांनी सही केली. घरातला कागद कोण वाचतं? ग्रंथपालांची गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नाही असं नव्हे. आली आणि गेली. तो नियम ग्रंथपालांसाठी होता, प्राध्यापकांसाठी होता, ज्यांचे फोटो भिंतीवर लागतात त्यांच्यासाठी होता. परिचराच्या बायकोला कोण ओळखतं?

त्या चार वर्षांत मामांनी मनाशी सगळं बसवून ठेवलं होतं. त्यांची निवृत्ती आता पाच महिन्यांवर आली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, म्हणून मागच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याची माडीवरची खोली त्यांनी बोलून ठेवली. मामींनीच निवडली होती. ताईंनी आपल्याकडे बोलावलं, तर मामींनी कानांवर हात ठेवले. "आवाराबाहेर गेले तर फाटकापर्यंत जाईन, त्याच्या पुढे नाही," म्हणाल्या. त्या माडीच्या खिडकीतून हॉलच्या डावीकडच्या तीन खिडक्या दिसत. आपण आधी गेलो तर मामी तिथून बघतील, आणि ती आधी गेली तर आपण बघू, असा मामांचा साधा हिशेब.

मंगळवारी सकाळी मामा टेबलं पुसायला गेले, त्यानंतर थोड्या वेळाने मामींच्या छातीत जड वाटायला लागलं. त्यांच्या मांडीवर एका पोरीचा कोट होता. त्यांनी सुई कोटात टोचून ठेवली, दोन पायमोज्यांवर तिसरा चढवला, कारण पाय त्यांचे बारा महिने गार, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या नर्सबाईंकडे दिली. "जवळच तर आहे, दाखवून येते," म्हणाल्या. "ह्यांना सांगू नका, कामात असतील." आणि चालत निघाल्या. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी त्यांना बघितल्याबरोबर झोपवलं, धावाधाव केली, जे करायचं ते सगळं केलं. पाऊण तासात सगळं संपलं. त्या पाऊण तासात मामा एका भिंतीपलीकडे फरशी पुसत होते.

निरोप घेऊन आली ती त्या कोटाची मालकीण. पहिल्या वर्षाची, लांब वेणीची पोरगी. हॉलच्या दारात येऊन उभी राहिली.

"आज सुट्टी आहे ना तुम्हाला?" मामा म्हणाले.

"मामा," ती म्हणाली, "मामी अपघात विभागात आहेत. चला तुम्ही."

मामा रडले नाहीत. लोकांना ते जरा विचित्र वाटलं. त्यांनी ताईंना फोन केला, डॉक्टरांकडून कागद घेतले, मामींचे डोळे स्वतःच्या हाताने मिटले आणि "सगळं रीतसर होऊ दे" एवढंच म्हणाले. आतून ते एका गोष्टीला धरून उभे होते. चाळीस पावलं. शीतगृहाचं दार लागल्यावर ते हॉलमध्ये गेले आणि टेबलांमधून फिरले. खिडकीजवळचं टेबल चांगलं. सकाळचं ऊन येतं. मामींना ऊब लागते. निवृत्तीला पाच महिने आहेत, तोवर आपण आहोतच. पुढे माडीवरून दिसेल. बायको मेल्याच्या दिवशी माणूस अशी जागा निवडतो, हे ऐकायला भयंकर वाटेल. पण ज्याने बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या माणसांना जागा दिली, त्याला दुसरं काय सुचणार?

दुपारी विभागप्रमुख मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. मॅडम तिशीच्या होत्या तेव्हा इथेच शिकवायला लागल्या. आता केस पिकले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"मामा, बसा."

"उभा आहे तोच बरा आहे."

"मामींना इथे ठेवता येणार नाही."

मामांना आधी वाटलं, जागेची अडचण आहे. "टाकी रिकामी आहे," ते म्हणाले. "मी कालच धुतलीय."

"तसं नाही. पोरं ओळखतात त्यांना. पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग ओळखतो. सकाळपासून रडतायत पोरी. उद्या त्यांच्या हातात सुरी कशी देऊ मी?"

"चेहरा झाकू. नेहमी झाकतोच आपण पहिले दोन महिने."

"पहिले दोन महिने हात असतात, मामा," मॅडम हळूच म्हणाल्या. "पहिल्या सत्रात हातच चिरायचे असतात. मामींचे हात कोण ओळखणार नाही?"

मामा मागे हटले नाहीत. "मग यंदा नका घेऊ. पुढल्या वर्षी नको. टाकीत राहू दे. पाच वर्षांनी ही सगळी पोरं डॉक्टर होऊन जातील. मग घ्या. पाच वर्षं टिकतो माणूस, मी नीट भरलं तर. मी भरतो."

"तुमच्याच बायकोला तुम्ही भरणार?"

"मग कोण भरणार? त्या नव्या परिचराला शीर सापडत नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाच महिन्यांनी तुम्ही नसाल. पोरं गेली तरी मास्तर राहतील. आमच्या विभागातल्या सहापैकी चौघांच्या कोटाला मामींचं बटण आहे. माझ्याही. त्यांच्यावर सुरी धरायला इथे परकं कुणी उरलेलं नाही. ग्रंथपाल तरी निम्म्या पोरांना माहीत नव्हते. उद्या दुपारी चार वाजता गाडी येईल."

मामा बाहेर आले. आपल्याला कोण ओळखतं, असं म्हणणारा हा माणूस. त्याच्या बायकोला सगळं आवार ओळखत होतं आणि नेमकं तेच आता आडवं आलं होतं. व्हरांड्यात तीन-चार पोरं त्यांना बघून उठून उभी राहिली. मामांना त्या पोरांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या. या वेळी नाकाला रुमाल नव्हता. तो डोळ्यांना होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी रुमाल घडी करून ठेवला.

"म्हणजे इथे ठेवत नाहीत, आणि परक्या गावी परक्यांच्या हाती पाठवणार," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"नियम आहे, ताई."

"नियम त्यांचा. बायको कुणाची? फॉर्म मागे घ्या. आपण तिला नेऊ माझ्या गावी. तिथे आई-वडील आहेत मातीत. त्यांच्याजवळ राहील. तुम्हीही या. इथे काय आहे आता तुमचं?"

खोटं कशाला बोला, मामांना ते पटलं. चाळीस पावलं मिळणार नसतील तर सहा तासांच्या वाटेपेक्षा ताईंचं गाव काय वाईट? निदान कुठे आहे ते कळेल. निदान ती एका जागी राहील. ते उठले, पायांत चपला घातल्या आणि मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"फॉर्म द्या," म्हणाले. "मी साक्षीदार आहे आणि नवराही आहे. मला मागे घ्यायचाय."

मॅडमनी वाद घातला नाही. कपाट उघडलं, फाईल काढली, फॉर्म बाहेर घेतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "तुमचा हक्क आहे," त्या म्हणाल्या. "फक्त आधी वाचा. मोठ्यानं वाचा. एकेक ओळ."

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसले आणि वाचायला लागले. नाव वाचलं. वय वाचलं. स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय, हे वाचलं. शिक्षणासाठी, हे वाचलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या ओळी स्वतःच्या तोंडी यायला लागल्या तसा त्यांचा आवाज बसत गेला. 'देह अन्य संस्थेकडे पाठवण्यास माझी हरकत नाही', इथे खूण केलेली होती. त्याखाली 'विशेष सूचना' अशी दोन ओळींची जागा. ती नेहमी कोरी असते. कुणीच तिथे काही लिहीत नाही, म्हणून मामांची नजरही तिच्यावरून पुढे जायची.

तिथे मामींचं अक्षर होतं. बारीक, टाक्यांसारखं.

"मला इथे ठेवता येणार नाही," मामांनी वाचलं, "हे मला माहीत आहे. कुठेही पाठवा. ह्यांना आधी सांगू नये. सांगितलं तर सही करणार नाहीत."

आणि त्याच्या बरोबर खाली, साक्षीदार म्हणून, त्यांचीच सही होती.

मामांनी फॉर्म खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं," मामा म्हणाले.

"फॉर्म आला त्या दिवसापासून. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं."

"चाळीस पावलं म्हणाली मला. गाडी लागणार नाही म्हणाली." आणि तेव्हा मामा रडले. दोन दिवसांचं, चार वर्षांचं, आणि त्या पाऊण तासाचं मिळून एकदमच आलं. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे ते निवांत रडू शकतील.

ताईंना सांगणं सोपं गेलं नाही. त्या मामांना बरंच काही बोलल्या; त्यातलं थोडं खरंही होतं. जाताना म्हणाल्या, "ती तुम्हाला फसवून गेली, आणि तुम्ही तिचंच ऐकता."

"तीस वर्षं ऐकलंय," मामा म्हणाले.

चार वाजता गाडी आली. दोन्ही कॉलेजांमध्ये ये-जा करणारा ड्रायव्हर मामांच्या ओळखीचा होता. कमी बोलणारा, पण रस्त्यातल्या खड्ड्यांवर हळू घेणारा. मामांनी त्याला बाजूला घेतलं.

"तिकडे माझ्यासारखा कोण आहे?"

"आहे एक. म्हातारा आहे. जेमतेम बोलतो."

"त्याला सांग, हिचे पाय उघडे ठेवू नको. गार पडतात. आणि खिडकीशी टेबल असेल तर बघ म्हणावं. मागतो असं नाही. असेल तर."

ड्रायव्हरने मान हलवली. मामांनी मामींना स्वतः चढवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाडीचं दार लागताना सवयीने त्यांच्या तोंडून "येतो" निघालं, आणि हे चुकलं हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. या वेळी जाणारी ती होती. गाडी मागच्या फाटकातून, झेरॉक्सवाल्याच्या दुकानापुढून गेली.

घरी फळीवर लांब वेणीच्या पोरीचा कोट तसाच होता, अर्ध्या लावलेल्या बटणात सुई खोचलेली. मामांनी तो उचलला. शिवता त्यांना येत होतं. औषध भरून झाल्यावर माणसाचा छेद शिवायचा असतो, आणि तो शिवताना आयुष्य गेलेलं. त्यांनी बटण पूर्ण केलं, आतल्या पट्टीला जादा बटण टाचलं आणि कोट खिडकीत टांगला. दुसऱ्या दिवशी पोरगी आली, कोट घेतला, बटण बोटांत धरून बघितलं. ते हलत नव्हतं. त्याची गाठ हॉलमधली होती. पोरीने ती ओळखली की नाही कोण जाणे. कोट घालून ती वर्गात गेली. त्यानंतर खिडकीत कोट आले नाहीत. मामांनी झेरॉक्सवाल्याला खोली नको म्हणून सांगून टाकलं. तिथून हॉलच्या तीन खिडक्या दिसल्या काय आणि न दिसल्या काय.

दिवस लांबत चालले. पाणी जात नव्हतं. वीज जात नव्हती. दुपारी वाचनालयाचा शिपाई पेपर दाराशी टाकून जायचा आणि तो तिथेच पडून राहायचा. नर्सबाई, डॉक्टर, मास्तर, येता-जाता सगळे विचारायचे, मामा, जेवलात का? आवारात राहिलेल्या माणसाला एकटं रडायलाही जागा मिळत नाही, हा तोटा मामींनी ताईंना कधी सांगितला नव्हता. सगळ्यात वाईट होता तो वास. आता तो मामांना येऊ लागला. उशीला, टॉवेलला, भिंतीला. तीस वर्षं हिने हे कसं काढलं, असं त्यांना वाटायचं, आणि विचारायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी परत आली. तिकडच्या कॉलेजच्या कँटीनचा म्हातारा मालक गेला होता. चाळीस वर्षं पोरांना चहा पाजलेला, त्यामुळे तिकडे चालणारा नव्हता. मामांच्या मनात आलं, याला त्या नव्या परिचराने उतरवून घ्यावं. आपल्याच्याने होणार नाही. ते दारातच थांबले. ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्याजवळ आला.

"त्यानं निरोप दिलाय," तो म्हणाला. "तिकडच्यानं."

"काय?"

"पाय झाकलेत म्हणाला. रोज बघतो म्हणाला." ड्रायव्हर जरा थांबला, आठवून बोलल्यासारखा. "आणि ह्या कँटीनवाल्यांबद्दल म्हणाला, ह्यांचा डावा खांदा फार दुखायचा. उचलताना तिकडून धरू नका. आता काय दुखणार, ते मलाही कळतं, पण तेवढं करा म्हणाला."

मामांनी बाह्या वर केल्या, गाडीत चढले आणि कँटीनवाल्याला उजव्या बाजूने, खांद्याखाली दोन्ही हात घालून, सावकाश उतरवून घेतलं. आत नेलं, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, डोक्याखाली चौघडी केलेलं फडकं सारलं. आणखी एक फडकं घेऊन पायांवर घातलं आणि कडा खाली खोचल्या. मग बाहेर आले. ड्रायव्हर गाडीपाशी पाणी पीत होता.

"खिडकीचं काय म्हणाला?" मामांनी विचारलं.

"मिळाली. खिडकीशीच आहेत म्हणाला."

"बाहेर काय दिसतं तिथून?"

ड्रायव्हरने बाटलीचं झाकण लावलं आणि मान हलवली. ते त्याने विचारलं नव्हतं.

"पुढच्या खेपेला," मामा म्हणाले, "तेवढं विचारून ये."